टाकी भरेपर्यंत

"सायलेंट नको," अण्णा म्हणाला.

मगदूमांनी बटणावरचं बोट काढलं. उद्यमनगरातल्या त्यांच्या दुकानात हवेच्या कॉम्प्रेसरचा तो सगळ्यात देखणा नमुना होता. पांढरी टाकी, खाली रबरी चाकं, आणि चालू असताना शेजारी उभं राहून फोनवर बोलता येईल इतका शांत. पाहुण्यांपुढं इंग्लिश मीडियमची नात उभी करावी तशा हौसेनं त्यांनी तो पुढं केला होता.

"नको म्हणजे? घरगुती वापराला हाच नेतात, सर. दातांचे डॉक्टर तर दुसरा घेतच नाहीत. पेशंट तोंड उघडून पडलेला असतोय, त्याला पत्ताबी लागत नाही."

"आवाज पाहिजे," अण्णा म्हणाला.

मगदूमांनी माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं.

याला आता बरीच वर्षं झाली. मगदूमांच्या दुकानाच्या जागी आज मोबाईलची कव्हरं मिळतात. पण ते वाक्य उच्चारताना अण्णाचा चेहरा कसा होता ते मला अजून आठवतं. तो गंमत करत नव्हता. गंमत करणं हे आमच्या घरात माझ्याकडं आलेलं खातं.

अण्णा माझा थोरला भाऊ. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला. वस्तू विकत घेणं हा त्याच्या लेखी संशोधनाचा विषय. त्याचा केदार पाळण्यात होता तेव्हा घरात मिक्सर घ्यायचं ठरलं, कारण अण्णाला ताटाच्या डाव्या बाजूला ताजी वाटलेली चटणी लागते. नसली तर तो बोलत काही नाही, नुसतं ताट पुढं सरकवून बसून राहतो, आणि त्यापेक्षा बोललेलं परवडतं. पाट्या-वरवंट्याच्या आवाजानं पोर उठायचं. म्हणून अण्णानं मला घेऊन गावातली सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी मिक्सर चालू करायला लावायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि "पोरगं उठेल" म्हणून पुढच्या दुकानाची पायरी चढायचा. मनासारखा कमी आवाजाचा मिक्सर मिळाला तोवर केदार रांगत रांगत अंगणात पोचला होता.

तोच अण्णा आज आवाज मागत होता.

"बरं, काम काय आहे ते तरी सांगा," मगदूम म्हणाले. "रंग मारायचाय? लाकडाचं काम?"

"घरच्या गॅरेजमध्ये ठेवायचाय. कधीमधी वापरायला."

"कधीमधी, पण कशाला?"

"मोटरसायकलच्या चाकात हवा."

मगदूम प्रामाणिक माणूस होते. धंद्यात ही एक अडचणच असते. "त्याला पायपंप न्या की, सर. नाहीतर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भरून देतोय. हवेसाठी कारखाना कशाला घालता?"

अण्णानं पांढऱ्या टाकीकडं पाठ केली. मोटरसायकल केदारची होती.

केदार त्याच पावसाळ्यात गेला होता. पुण्यात नोकरीला होता. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग तो डेंगी निघाला, आणि आम्ही गाडी करून पोचेपर्यंत त्याचं बोलणं बंद झालं होतं. त्याची मोटरसायकल मागाहून टेम्पोतून आली आणि अण्णाच्या बंगल्याखालच्या गॅरेजमध्ये उभी राहिली. ते गॅरेज बांधलं तेव्हा अण्णाकडं सायकल होती. "पोरगं चारचाकी घेईल की," म्हणून त्यानं कर्ज वाढवून शटरसुद्धा लावून घेतलं होतं. त्यात आलेलं पहिलं वाहन हे.

तेराव्यापर्यंत अण्णाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. येईल त्याला चहा घ्या म्हणायचा, सतरंज्या कमी पडतात का बघायचा, हुंदके देणाऱ्या मामांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचा. वहिनीही त्याच्यासमोर रडल्या नाहीत. "मी मोडले तर हे मोडतील," असं माझ्या बायकोजवळ म्हणाल्या. अण्णाचंही उलट्या बाजूनं तेच गणित असणार. जाताना लोक म्हणायचे, दोघं भलती खंबीर आहेत. हा शब्द आमच्याकडं लोक घरूनच घेऊन येतात. तो एकदा देऊन टाकला की चपला शोधायला मोकळे.

आणि त्या दिवशी सकाळी मला वहिनींचा फोन आला होता.

"भाऊजी, हे कसलं तरी मशीन घ्यायला निघालेत. हवेचं."

"कशाला?"

"सांगत नाहीत. रोज दुपारी गॅरेजमध्ये जातात आणि शटर ओढून बसतात. वरती खुट्ट म्हणून ऐकू येत नाही. मी पायरीवर जाऊन बसते, तरी नाही. तुम्ही बरोबर जा. कशाला पाहिजे ते काढून घ्या त्यांच्याकडून. मला भलते विचार येतात. टाकी असते म्हणे त्याला."

"हवेनं काय होणार आहे, वहिनी?" मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर हवेनं काय काय होऊ शकतं याचा विचार करत बसलो.

म्हणून मी दुकानात होतो. मशीन निवडायला नव्हे, माणूस राखायला.

मगदूमांनी दुसरा कॉम्प्रेसर ओढून पुढं आणला. लाल टाकी, वर मोटर, स्वस्तातला. बटण दाबलं तसा दुकानातल्या फळ्यांवरचे लोखंडी पाने थडथडायला लागले. अण्णानं डोळे मिटले आणि मान किंचित कलती करून ऐकायला लागला. मिक्सरच्या वेळी उभा राहायचा तसाच.

खट्. मशीन आपोआप थांबलं.

"काय झालं?" अण्णानं डोळे उघडले.

"टाकी भरली," मगदूम कौतुकानं म्हणाले. "भरली की आपोआप बंद. हवा वापरली, दाब उतरला, की परत आपोआप चालू. तुम्ही लक्षसुद्धा द्यायचं नाही. आणि बघितलंत? हां हां म्हणता फुल्ल."

"फारच लवकर भरली."

"तेच म्हणतोय मी."

"उशिरा भरणारं दाखवा."

मगदूम खुर्चीवर बसले. "सर, वडिलांपासून आमचा हा धंदा आहे. जोर किती विचारतात, टाकी किती लिटरची विचारतात, वीज किती खातोय विचारतात. आवाज जास्त आणि भरायला उशीर, असं मागणारं गिऱ्हाईक मी आज बघतोय."

मी अण्णाला बाजूला घेतलं. "अण्णा, तुला नक्की करायचंय काय?"

"हवा भरायची."

"मग लवकर भरली तर बिघडलं कुठं?"

"बापू, तुला कामं असतील तर तू जा. मी रिक्षा करून येईन."

"वहिनी काळजी करताहेत."

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत बोलला. "तिला काळजी नको म्हणूनच घेतोय," म्हणाला, आणि परत मशीनकडं गेला.

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. ज्या माणसाबद्दल भलते विचार येतात, त्याच्या तोंडी हे वाक्य फार व्यवस्थित बसतं.

अण्णा कोपऱ्यातल्या टाक्या न्याहाळत होता तेवढ्यात मगदूम माझ्याजवळ सरकले. "साहेबांची तब्येत बरी आहे न्हवं?"

"मुलगा गेलाय," मी म्हणालो. "एकुलता."

मगदूमांनी मान खाली घातली. हातातल्या फडक्यानं काउंटर पुसला, पुसून झालेला परत पुसला. मग उठून मागच्या खोलीत गेले. आतून काहीतरी फरशीवर घासत आल्याचा आवाज झाला. त्यांनी एक भलं मोठं धूड ओढून आणलं. टाकी चांगली कमरेएवढी, आणि तिच्यावर बसवलेली मोटर मात्र बारकी. म्हशीच्या धडावर मांजराचं डोकं ठेवावं तसं ते दिसत होतं.

"हे मी विकू नये," मगदूम म्हणाले. "एका गिऱ्हाइकानं हट्टानं असं जुळवून घेतलं आणि न्यायला आलाच नाही. टाकी मोठी, मोटरीत दम नाही. भरायला लई वेळ लावतंय, आणि तोवर बोंबलतंय."

"चालू करा," अण्णा म्हणाला.

ते चालू झालं तेव्हा समोरच्या फुटपाथवरचा चहावाला गाळणं हातात धरून आमच्याकडं वळून बघायला लागला. मगदूम काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. दाबाच्या काट्याकडं बघितलं तर तो गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना चढावा तसा वर निघाला होता. चहा मागवला, आला, पिऊन झाला. अण्णानं घेतला नाही. तो डोळे मिटून उभा होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत चालला होता. गेल्या कित्येक आठवड्यांत मी तो तसा बघितला नव्हता. मला वाटलं, याला झोप लागतेय की काय.

खट् झालं. अण्णानं डोळे उघडले.

"याच्याहून मोठी टाकी बसत नाही का?"

"मोटर जळंल, सर. हेच सारखं चालवू नका. एकदा भरली की गार होऊ द्यायचं. कधीमधीच चालवायचं हे."

"कधीमधीच," अण्णा म्हणाला. "हे द्या."

मगदूमांनी बाजारात कुणी सांगितलं नसतं इतक्या कमीत ते दिलं. वर हवेची नळीही फुकट दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

रिक्षात ते धूड आमच्या दोघांमध्ये पाहुण्यासारखं बसलं. अण्णानं एक हात त्याच्यावर टाकला होता. राजारामपुरी मागं पडली तेव्हा मी परत विषय काढला.

"एवढा आवाज कशाला पाहिजे, तेवढं सांग."

"चालू आहे ते कळतं."

"कुणाला कळायचंय?"

अण्णा बाहेर बघायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुला आठवतं, केदार लहान असताना फटाक्यांना भ्यायचा?"

"हो."

"मी त्याच्या कानांवर हात धरायचो."

मला त्यातून काही उमगलं नाही. मी रिक्षावाल्याला उगीच खड्डा चुकवायला सांगितला.

वहिनी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की काही कळलं नाही. मग त्यांनी मशीनकडं बघितलं.

"लई मोठं आहे हो हे."

"हवा भरायला," अण्णा म्हणाला.

"बरं. भरा."

निघताना मी वहिनींना म्हणालो, "काही वाटलं तर लगेच फोन करा. मी काय, पाच मिनिटांत येतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला.

"काय करतोय अण्णा?"

"दुपारी चालू केलं होतं मशीन." त्यांचा आवाज वेगळा लागत होता. सर्दी झाल्यासारखा. "काळजी करू नका, भाऊजी. तसलं काही नाही."

"कशावरून?"

"नाही म्हणते ना. मला कळलं ते. तुम्ही निवांत राहा."

काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात मोठ्यानं फक्त हसायचं आणि भांडायचं असतं. बाकीच्या गोष्टींना आम्ही फोन ठेवतो.

दिवाळी गेली. त्या वर्षी अण्णाकडं आकाशकंदील नव्हता. नंतर एकदा भाजी मंडईत त्यांचे शेजारी निंबाळकर भेटले आणि हातातली मेथी माझ्यासमोर हलवत म्हणाले, "तुमच्या बंधूंनी गॅरेज काढलंय काय? गाड्या तर येताना दिसत नाहीत. आणि दुपारभर नुसती घरघर. ती थांबली की वरती मिक्सर. मी म्हणतो, दोन माणसं खातात तरी किती?"

मी म्हणालो, बघतो. आणि त्या रविवारी दुपारी न कळवता गेलो.

फाटकापासूनच ती घरघर ऐकू येत होती. शटर खालपर्यंत आलेलं, फक्त वीतभर फट. मी हाक मारली, मलाच ऐकू आली नाही. वाकून फटीतून बघितलं. मोटरसायकलचं पुढचं चाक दिसलं. त्यात हवा नव्हती. टायर बसला होता आणि गाडीचं सगळं ओझं रिमवर आलं होतं. शेजारी मशीन थरथरत होतं. हवेची नळी भिंतीला टेकून ठेवलेली, मगदूमांनी दिली तशीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. पलीकडं स्टुलाखाली अण्णाचे पाय दिसत होते. चपला काढून एकीशेजारी एक ठेवल्या होत्या.

शटर वाजवायला उचललेला हात मी खाली घेतला आणि जिन्यानं वर गेलो.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ओट्यापाशी उभ्या, पाठ माझ्याकडं. भाकरी झाल्या होत्या, आमटीवर झाकण होतं, काम असं काहीच राहिलं नव्हतं. त्यांचं एक बोट मिक्सरच्या बटणावर होतं. मी दारात आल्याचं त्यांना कळलं, कारण त्यांनी दुसऱ्या हातानं मला थांबा अशी खूण केली. त्या ऐकत होत्या.

खाली खट् झालं. टाकी भरली.

घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत खालून एक आवाज आला. मला वाटलं मशीनच कुठंतरी अडकलंय. कारण माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि माझ्या भावाचा तर नाहीच.

वहिनींनी बटण दाबलं.

पोराची झोप मोडू नये म्हणून सगळं गाव पालथं घालून आणलेला तो मिक्सर. म्हातारपणी त्याला कंठ फुटला होता. आख्खा ओटा थडथडत होता. भांड्यात काही नव्हतं. नुसती पाती फिरत होती. वहिनी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मिक्सरनं इतके हलत नाहीत.

मग खालून टाकीतली हवा सोडल्याचं फुस्स ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं मशीन परत घरघरायला लागलं. वहिनींनी मिक्सर बंद केला. पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळल्या.

"टाकी भरते," त्या म्हणाल्या. "मशीन थांबतं. त्यांचं थांबत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्यांना वाटतं, मला ऐकू जात नाही."

"तुम्ही खाली का जात नाही, वहिनी?"

"मी गेले तर ते गप्प होतील. मग कुठं जातील ते?"

"आणि तुम्ही?"

त्यांनी मिक्सरचं भांडं काढलं, कोरडंच होतं तरी विसळलं आणि पालथं घातलं. "माझा मिक्सर आहे की," म्हणाल्या.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. खाली काटा हळूहळू वर चढत असणार. मगदूमांचं बरोबर होतं, लई वेळ लावत होतं ते. मला पहिल्यांदाच त्यांचे आभार मानावेसे वाटले. या खेपेला मशीन थांबलं तेव्हा खालून काही आलं नाही. वहिनींनी पालथ्या भांड्यावर ठेवलेला हात तसाच राहू दिला, थोडा वेळ कान दिला, आणि ताटं घ्यायला वळल्या. शटर वर गेलं. अंगणातल्या नळाचं पाणी वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. मग जिन्यावर चपला.

"बापू, केव्हा आलास?" तोंड पुसत अण्णानं विचारलं.

"आत्ताच."

"जेवूनच जा."

"हो. मशीन काय म्हणतंय?"

"चांगलं आहे," अण्णा म्हणाला. आणि वहिनींकडं न बघता, "तुला फार त्रास होतो का गं आवाजाचा?"

"छे," वहिनी म्हणाल्या. "माझा मिक्सर चालू असतो. मला कुठं काय ऐकू येतंय?"

"हां. मला खाली ऐकू येतो तो."

"चटणी वाटत होते."

"असू दे," अण्णा म्हणाला.

आम्ही जेवायला बसलो. वहिनींनी ताटं वाढली. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, माझ्यासाठी दही. अण्णाच्या ताटाची डावी बाजू रिकामी होती. मी ताटाकडं बघितलं, मग अण्णाकडं. आता हे ताट पुढं सरकणार म्हणून वाट बघत राहिलो.

अण्णा त्या रिकाम्या जागेकडं थोडा वेळ बघत होता. मग त्यानं ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.